शिवरायांचा होन आणि सोळा हजारांचे कोडे

सातपूरच्या आमच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला वस्तुमान आणि वजन यांतील फरक चालू होता. मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सोन्याने तुला झाली. तिला सोळा हजार होन लागले असे मी वाचले आहे. मग एका होनाचे वजन कळले, तर महाराजांचे वजन काढता येईल ना?"

प्रश्न फार चांगला होता. गुणाकार तर पाचवीतल्या मुलालाही येईल. पण उत्तर काढायला बसलो तेव्हा ध्यानात आले, की हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. त्यात धातुशास्त्र आहे, घनता आहे, इतिहास आहे आणि "पैसा म्हणजे काय?" हा जुना प्रश्नही दडलेला आहे. विद्यार्थीमित्रहो, आज हेच कोडे आपण सोडवून पाहू या.

होन म्हणजे काय?

होन हे सोन्याचे नाणे. कन्नड भाषेत सोन्याला 'होन्नु' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. दक्षिणेत सोन्याचे नाणे चालवण्याची परंपरा जुनी आहे. विजयनगरच्या राज्यात होन मोठ्या प्रमाणावर पाडले गेले आणि ते राज्य गेल्यानंतरही दक्षिणेच्या बाजारात होन चालतच राहिला. युरोपीय व्यापारी त्याला 'पॅगोडा' म्हणत. उत्तरेत मोगलांचा व्यवहार मुख्यतः चांदीच्या रुपयावर चाले, तर दक्षिणेत सराफाच्या पेटीत होनाला मान होता.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ या दिवशी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. या प्रसंगी त्यांनी स्वतःच्या नावाचे नाणे पाडले. सोन्याचा तो शिवराई होन आणि तांब्याची ती शिवराई. होन आकाराने अगदी लहान असून त्याचा व्यास सुमारे १.३ सेंटिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा आहे. कडेला ठिपक्यांचे वर्तुळ आहे. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्रपति' ही अक्षरे आहेत. त्या काळी आसपासच्या सुलतानांची आणि मोगलांची नाणी फार्सी अक्षरांत असत. त्यांच्यामध्ये हे देवनागरी अक्षरांचे नाणे वेगळे उठून दिसते.

नवा राजा गादीवर बसला की तो आपल्या नावाचे नाणे का पाडतो? कारण नाणे हे राज्याचे चालतेबोलते जाहीरपत्रक असते. आपल्या नाशिक जिल्ह्यातच याचा फार जुना पुरावा मिळाला आहे. जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी क्षत्रप नहपानाची होती. पण त्यांतील निम्म्याहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उठवला होता. चांदी तीच आणि वजनही तेच, फक्त मालक बदलला हे त्या छापाने सांगितले. नाण्यात दोन गोष्टी असतात, धातू आणि छाप. पुढच्या सगळ्या विवेचनात या दोन गोष्टी वेगवेगळ्या लक्षात ठेवा.

सोळा हजारांचा गुणाकार

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. महाराजांची सोन्याने तुला झाली आणि वजन सुमारे १६,००० पॅगोडा, म्हणजे होन, भरले, असे त्याच्या नोंदीत आहे.

विजयनगरच्या प्रमाणाचा जुना होन सुमारे ३.४ ग्रॅमचा असे. हे वजन धरले तर,

१६,००० × ३.४ ग्रॅम = ५४,४०० ग्रॅम = ५४.४ किलोग्रॅम.

पण शिवराई होन त्याहून हलका आहे. संग्रहालयांतील नमुने पावणेतीन ते पावणेतीनच्या किंचित वर, म्हणजे २.८ ग्रॅमच्या आसपास भरतात. हे वजन धरले तर,

१६,००० × २.८ ग्रॅम = ४४,८०० ग्रॅम = ४४.८ किलोग्रॅम.

दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहिली तेव्हा वर्ग चकित झाला. आकडा एकच, गुणाकार बिनचूक, तरी उत्तरांत ९.६ किलोग्रॅमचा फरक! याचे कारण उघड आहे. 'सोळा हजार' ही संख्या आहे, ते वजन नव्हे. "बाजारातून पाच आणले," असे कुणी म्हटले तर आपण लगेच विचारतो, "पाच काय? किलो की पिशव्या?" तसेच इथे विचारले पाहिजे, "सोळा हजार कोणते होन?"

हा प्रश्न त्या काळी प्रत्येक व्यवहारात विचारला जाई. कृष्णाजी अनंत सभासद याने आपल्या बखरीत महाराजांच्या खजिन्याची यादी दिली आहे. तीत होनांचे अनेक प्रकार निरनिराळे नोंदलेले आहेत. पातशाही होन वेगळे, कावेरीपाक होन वेगळे, शिवराई होन वेगळे. खजिनदाराला नुसती एकूण संख्या लिहून भागत नव्हते, कारण प्रत्येक होनाचे वजन आणि कस निराळा होता. नाणी पारखून घेणारा सरकारी अधिकारी म्हणजे पोतदार. आज तुमच्या वर्गात एखादा पोतदार आडनावाचा मुलगा असेल, तर त्याच्या पूर्वजांकडे हे काम असण्याचा संभव आहे.

नाणे कसे पाडीत?

सातपूरच्या मुलांना हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. इथल्या औद्योगिक वसाहतीत कुणाचे वडील तर कुणाचे काका प्रेसवर काम करतात. पत्र्यातून गोल चकती कशी तोडतात, वर पंच आणि खाली डाय ठेवून तिला आकार कसा देतात, हे पुष्कळांनी पाहिलेले असते. नाणे पाडण्याची क्रिया मुळात हीच आहे. फक्त प्रेसऐवजी हातोडा आणि विजेऐवजी कारागिराचा दंड होता.

प्रथम सोने वितळवून शुद्ध करीत. मग त्याचे ठराविक वजनाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा काट्यावर तोलीत. वजन जास्त भरले तर कातरीत किंवा कानशीने घाशीत. कमी भरले तर तुकडा पुन्हा मुशीत जाई. नंतर ती चकती ऐरणीत बसवलेल्या ठशावर ठेवून वर दुसरा ठसा धरीत आणि हातोड्याचा एक जोरदार घाव घालीत. दोन्ही बाजूंची अक्षरे एकदमच उठत. ठशावर अक्षरे अर्थातच उलटी कोरावी लागत. चकती ठशाच्या बरोबर मध्यावर बसली नाही, तर एखादे अक्षर अर्धवट उमटे. म्हणून जुन्या शिवराया पाहिल्या तर एकीवर 'श्री' पूर्ण असतो आणि दुसरीवर 'शिव' कडेबाहेर गेलेला असतो. सोने मऊ आणि घडणशील असल्यामुळे ते ठशाच्या बारीक रेषांतही चांगले शिरते. शिवाय ते गंजत नाही, म्हणून साडेतीनशे वर्षांपूर्वीचा होन आजही पिवळाधमक दिसतो.

कस कसा ओळखावा?

वजन काट्यावर कळते, पण सोने शुद्ध आहे की त्यात तांबे मिसळले आहे हे काटा सांगत नाही. इथे घनता उपयोगी पडते. सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम आहे, तर तांब्याची सुमारे ९ ग्रॅम. तांबे सोन्याच्या निम्म्याहूनही हलके!

समजा, २.८ ग्रॅमचा एक होन शुद्ध सोन्याचा आहे. त्याचे आकारमान २.८ ÷ १९.३ = ०.१४५ घन सेंमी. आता कुणी लबाडाने त्याच वजनाचा होन बनवला, पण त्यात पाचवा हिस्सा तांबे घातले. म्हणजे सोने २.२४ ग्रॅम आणि तांबे ०.५६ ग्रॅम. सोन्याचे आकारमान ०.११६ आणि तांब्याचे ०.०६२, असे मिळून सुमारे ०.१७८ घन सेंमी होते. वजन तेच, पण आकारमान जवळजवळ सव्वापट झाले. व्यास १.३ सेंमी ठेवला, तर खऱ्या होनाची जाडी सुमारे १.१ मिलिमीटर आणि खोट्याची सुमारे १.३५ मिलिमीटर येईल. फरक पाव मिलिमीटरचा! सातपूरच्या टूलरूममध्ये मायक्रोमीटरने तो एका क्षणात सापडेल, पण नुसत्या डोळ्यांना तो जाणवणे कठीण. शिवाय हातोड्याने पाडलेल्या नाण्याची जाडी सगळीकडे सारखी नसते.

म्हणून सराफ दुसरी युक्ती वापरीत. ती म्हणजे कसोटी. हा एक काळा, कठीण, गुळगुळीत दगड असतो. त्यावर नाणे घासले की सोन्याची बारीक रेघ उमटते. शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढून दोन्हींचे रंग ताडून पाहतात. रेघेवर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला तर तांबे विरघळून जाते आणि सोने तसेच राहते. जितकी रेघ टिकते तितका कस अधिक.

आपल्या बोलण्यातले किती शब्द या एका दगडाने दिले आहेत ते पाहा. कठीण प्रसंगाला आपण 'कसोटीचा प्रसंग' म्हणतो. उत्तम माणूस 'बावनकशी सोने' असतो. हलक्या दर्जाची वस्तू 'हिणकस' ठरते, कारण हीण म्हणजे सोन्यात मिसळलेली हलकी धातू. नाणे दगडावर आपटून आवाज ऐकण्याची पद्धतही होती, त्यावरून 'खणखणीत' बोलणे आले.

रायगडावरचे एक कलम

आता या साऱ्या विज्ञानाचा राज्यकारभाराशी काय संबंध, ते पाहू. ऑक्झिंडेन रायगडावर केवळ नजराणा घेऊन आला नव्हता. त्याला महाराजांशी व्यापाराचा तह करायचा होता. ईस्ट इंडिया कंपनीने १६७२ मध्ये मुंबईत टांकसाळ सुरू केली होती. आपली नाणी स्वराज्याच्या मुलखात चलनी ठरावीत, असे एक कलम कंपनीने तहात मागितले.

इतर बहुतेक कलमांना अडचण आली नाही. या कलमावर मात्र महाराजांच्या बाजूने हरकत घेण्यात आली. तिचा आशय असा होता, की ज्या नाण्यात प्रजेचे नुकसान होईल ते घेण्याची सक्ती आम्ही प्रजेवर करू शकत नाही. तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके वजनदार आणि कसाचे असेल, तर आमची त्याला मनाई नाही. ते आपोआप चालेल.

या उत्तराचे महत्त्व पुरते समजून घ्या. ज्या राजाने नुकतेच स्वतःच्या नावाचे सोन्याचे नाणे पाडले, तोच सांगत होता की नाण्याचे चालणे हुकमावर अवलंबून नसते. छाप मारण्याचा अधिकार राजाचा, पण वजन आणि कस पारखून घेण्याचा अधिकार बाजारातल्या साध्या माणसाचा. तहातील कलमाने हीणाचे सोने होत नाही.

हे किती खरे होते, याचा पुरावा आजीच्या दागिन्यांत सापडतो. पुतळ्यांची माळ तुम्ही पाहिली असेल. 'पुतळी' हे मूळचे इटलीतील व्हेनिस शहराचे डुकाट नावाचे सोन्याचे नाणे. त्यावर माणसांच्या आकृती असत, म्हणून आपण तिला पुतळी म्हटले. व्हेनिसने हे नाणे १२८४ मध्ये सुरू केले आणि १७९७ मध्ये ते राज्य बुडेपर्यंत त्याचे वजन, सुमारे साडेतीन ग्रॅम, आणि त्याची शुद्धता जवळजवळ बदलली नाही. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांचा हुकूम महाराष्ट्रात चालण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांचे नाणे इथे आले, सराफाने घासून पाहिले, खरे निघाले आणि थेट देव्हाऱ्यापुढच्या दागिन्यांत जाऊन बसले.

बट्टा

शिवराई होन थोडे पाडले गेले. बाजारहाटाला तांब्याची शिवराई होती. तिचे वजन सामान्यतः ११ ते १३ ग्रॅम असे आणि ती इतकी रुळली, की पुढे इंग्रजी अमलातही दख्खनच्या खेड्यांत ती दीर्घकाळ चालू राहिली.

पेशवाईत चांदीच्या रुपयाचे महत्त्व वाढले. ठिकठिकाणी टांकसाळी निघाल्या. आपल्या जिल्ह्यात चांदवडला होळकरांच्या अमलात टांकसाळ होती आणि तिथला चांदवडी रुपया प्रसिद्ध होता. नाशिकचे मोगलाईतील नाव गुलशनाबाद, त्या नावाचेही रुपये आहेत. पुण्याकडचा अंकुशी रुपया आणखी वेगळा. प्रत्येकाचे वजन आणि कस थोडाथोडा निराळा. मग एका गावचा रुपया दुसऱ्या गावी नेला की सराफ तो पूर्ण किमतीला घेत नसे, काही भाग कापून घेई. या कपातीला म्हणत 'बट्टा'. झिजलेल्या नाण्याला जास्त बट्टा, कसदार नाण्याला कमी. 'नावाला बट्टा लागला' असे आपण म्हणतो, तो हाच बट्टा.

या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या पहिल्या विद्वानांपैकी एक आपल्याच जिल्ह्यातील निफाडला जन्मले होते, ते म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. मराठ्यांच्या टांकसाळी आणि चलन यांवर त्यांनी १८९९ मध्ये मुंबईत निबंध वाचला. पेशवे टांकसाळीचा परवाना देताना नाण्याचे वजन आणि कस ठरवून देत आणि हीण मिसळणाऱ्याला दंड करीत, हे जुन्या कागदपत्रांवरून दिसते. धारवाडकडच्या खासगी टांकसाळींतून हिणकस नाणी निघू लागली, तेव्हा त्या बंद करून एक मध्यवर्ती टांकसाळ काढण्याचा हुकूमही सुटला होता.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकाच प्रमाणाचा रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. पुढे हाच रुपया देशभर पसरत गेला, तसतसे जुने रुपये आणि त्यांचा बट्टा मागे पडले.

धातूकडून वचनाकडे

पुढची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, म्हणून १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली. १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला, म्हणजे त्यातली चांदी पूर्ण गेली. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन शंभर पैशांचा रुपया आला. इकडे नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या होत्या. नोटेच्या कागदाला धातू म्हणून काहीच किंमत नाही. नोटेवर असते ते वचन.

१९९९ मध्ये भारत सरकारने शिवाजी महाराजांच्या स्मरणार्थ दोन रुपयांचे नाणे काढले. ते तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे आहे, त्यात सोन्याचा कणही नाही. होन आणि हे नाणे शेजारी ठेवून पाहा. पहिल्याचे मोल धातूत होते आणि छाप त्याची हमी देई. दुसऱ्याचे मोल छापातच आहे. मग रायगडावरचे ते उत्तर आता खोटे ठरले काय? नाही. सोने काट्यावर तोलता येते, वचन तोलता येत नाही एवढेच. ज्या देशांनी बेसुमार नोटा छापल्या, तिथे लोकांनी त्या नोटांकडे पाठ फिरवली. १९२३ मध्ये जर्मनीत पाव विकत घ्यायला अब्जावधी मार्क लागू लागले. बट्टा लागायचा तो लागतोच. फरक इतकाच, की तो आता सराफाच्या पेढीवर न लागता महागाईच्या रूपाने लागतो.

सातपूरहून त्र्यंबकच्या रस्त्याने पुढे गेले की अंजनेरी लागते. नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली एक संशोधन संस्था १९८० च्या दशकात तिथे उभी राहिली. हनुमानाच्या जन्मस्थानाचा डोंगर पाहायला जाल, तेव्हा त्या पायथ्याशी जुन्या नाण्यांचाही अभ्यास होतो हे आठवा.

त्या मुलीने आपल्या वहीत शेवटी काय लिहिले ते सांगतो. तिने ५४.४ लिहिले नाही आणि ४४.८ही लिहिले नाही. तिने लिहिले: "सुमारे सोळा हजार होन. एका होनाचे वजन नोंदीत दिलेले नाही." मी तिला पूर्ण गुण दिले.

करून पाहा

एकाच प्रकारची, सध्याची एक रुपयाची २० नाणी घ्या. शाळेतील तराजूवर त्यांचे एकूण वस्तुमान काढा. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी घेऊन पात्र तिरपे धरा आणि नाणी एकेक करून अलगद सोडा. बुडबुडे निघून जाऊ द्या. पाण्याची पातळी किती वाढली ते वाचा. वस्तुमानाला या वाढीने भागले की घनता मिळेल. ती ७.५ ते ८ च्या आसपास आली, तर नाणी पोलादाच्या जातीची आहेत असे समजा. चुंबक लावूनही खात्री करा. हाच प्रयोग एकाच नाण्यावर केला तर उत्तर का चुकते, याचा विचार करा.

स्वाध्याय

१. एका होनात सोने आणि तांबे निम्मेनिम्मे (वस्तुमानाने) असल्यास त्याची घनता किती येईल? तांब्याची घनता ९ धरा.

२. १८३५ च्या रुपयात शुद्ध चांदी किती ग्रॅम होती?

३. कस, हीण, नाणे, बट्टा या शब्दांवरून मराठीत आलेले वाक्प्रचार आणि म्हणी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून गोळा करा.

४. "अमुक नाणे घ्यावेच लागेल" असा कायदा केल्याने ते नाणे चांगले ठरते काय? वर्गात दोन गट पाडून चर्चा करा.